मत्स्यालयातील अनोळखी जीव आणि आपली वर्णनभाषा

घरगुती खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात आपोआप वाढणाऱ्या बारीकसारीक जीवांची ओळख हा विषय प्राणिशास्त्राचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका वाचकास येईल. परंतु नमुना तज्ज्ञाच्या हाती पडण्यापूर्वी त्याचे वर्णन करावे लागते, आणि ते मराठीत करू गेल्यास आपल्या शास्त्रीय गद्याचे एक वैगुण्य तत्काळ उघडे पडते.

नाशिक समुद्रापासून दूर. येथील हौशी मनुष्य गंगापूर धरणाच्या नळपाण्यातील क्लोरीन घालवून त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम सागरी क्षार मिसळतो आणि सच्छिद्र खडक ठेवतो. त्या खडकाच्या भेगांतून काही आठवड्यांनी असे जीव डोके वर काढतात की ज्यांना त्याने आणलेले नसते. त्यांना काय म्हणावे? कोळ्यांची भाषा समृद्ध खरी. पण कालव, तिसरी, माकूल, शेवंड हे तिचे शब्द बहुतांशी ताट आणि बाजार यांच्यासाठी घडले. उरले पोवळे आणि समुद्रफूल. वस्तुतः हे दोघे प्राणी एकमेकांचे निकटचे आप्त. मराठीने मात्र एकाची रवानगी सराफाच्या पेढीवर आणि दुसऱ्याची बागेत केली आहे!

ही उणीव भरून काढण्याचा यत्न परिभाषाकारांनी केला. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले. १९७६ मध्ये विश्वकोशाचा पहिला खंड निघाला. संधिपाद, मृदुकाय, वलयी, आंतरदेहगुही ही संघनामे अर्थवाही आहेत. तथापि ओळख पटल्यानंतर जीवाला कोणत्या खणात ठेवावे एवढेच ती सांगतात; ओळख पटवावी कशी, हे सांगणारी भाषा निराळी असते आणि तिचा विचार झालेला दिसत नाही.

आपले पाठ्यपुस्तकी गद्य लिहील : ‘स्पर्श होताच शरीराचे आकुंचन होते.’ हे वाक्य मत्स्यालयातील निम्म्या रहिवाशांना लागू पडते. एप्टेशिया नावाचे तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफूल घ्या. बोट लावताच ते अंग चोरून भेगेत दडते. कठीण प्रवाळाचा जीवही अंग चोरतो, पण तो स्वतःच्याच चुनखडी पेल्यात. नळीत राहणारा पिसांच्या तुऱ्याचा कृमी नुसत्या सावलीनेही सटकन आत जातो. अंग चोरणे, दडणे, सटकन जाणे ही तीन निरीक्षणे आहेत. ‘आकुंचन’ या एका शब्दात तिन्ही बुडतात. यात केवळ शैलीचा प्रश्न नाही. एप्टेशियाला प्रवाळ समजून जपावे तर ते खडक व्यापते. ओळखूनही खरवडावे तर मागे राहिलेल्या पायाच्या कणांतून नवी समुद्रफुले उगवतात.

नामाच्या आहारी गेल्याने होणारी फसगत याहून वेगळी. काचेवर दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे वेटोळे दिसले की पाहणारा ‘गोगलगाय’ म्हणून मोकळा होतो. गोगलगाय सरपटेल, हे वेटोळे चिकटले ते चिकटले, आणि त्याच्या तोंडातून इवलासा तुरा फुलतो. तो स्पायरॉर्बिस, म्हणजे वलयी कृमी. मृदुकायांशी त्याचा संबंध नाही. तीच गोष्ट काचेवरील ठिपक्यांची. थबकत थबकत टुणकन उडणारा बहुधा कोपेपॉड. ओघळल्यासारखा सरकणारा चपटा कृमी. कुशीवर पडून घसटत जाणारा, दोन्ही बाजूंनी दबलेला तो अँफिपॉड. कोपेपॉड या नावातील ग्रीक घटकांचा अर्थ ‘वल्ह्याच्या पायांचा’. तेव्हा कोकणकिनाऱ्यावर त्याला ‘वल्हेपाया’ म्हणावयास कोणाची हरकत नसावी.

शास्त्राला एकार्थी संज्ञा हवी आणि बोलीतील क्रियापदे गावोगाव बदलतात, हा आक्षेप संज्ञेपुरता मान्य. निरीक्षणाच्या टिपणात मात्र ‘सटकन’ हा शब्द अशास्त्रीय नाही. त्यापुढे सेकंद लिहिले की झाले. छायाचित्र असताना शब्द कशाला, असेही विचारले जाते. स्थिर चित्रातले स्पायरॉर्बिस आणि गोगलगायीचे पिल्लू शेजारी ठेवून पाहावे : चित्रात क्रियापद नसते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन माशांची नावे विचारावीतच. पण तेथल्या डबक्यातला एखादा बिनखपाचा जीव दाखवून ‘हा काय करतो?’ हेही विचारावे, आणि मिळालेले उत्तर प्रमाणभाषेत न आणता जसेच्या तसे उतरून घ्यावे.