अविनाश साबळे : चरित्र आणि कर्तृत्व

श्री. अविनाश साबळे यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बहुतेक लेखन एकाच साच्यातले आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे खेडे, वीटभट्टीवर राबणारे आईबाप, कोसांवरची शाळा. आणि मग एकदम पदके! दारिद्र्यानेच धावपटू घडत असते, तर ज्या जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, तेथे विक्रमवीरांचा सुकाळ झाला असता.

वास्तविक साबळे हे सैन्यात दाखल झाल्यावर घडले. सियाचेनची नोकरी केल्यावर, २०१५ च्या सुमारास, ते स्पर्धेत प्रथम धावले. अडथळ्यांच्या शर्यतीकडे त्याहूनही उशिरा वळले. आणि २०१८ साली भुवनेश्वर येथे गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ही शर्यत नुसत्या दमाची नव्हे. ३००० मीटरांत अठ्ठावीस अडथळे व सात वेळा पाणी. ऊर फुटण्याची वेळ आली तरी पावलांचा हिशेब चुकता कामा नये. हा हिशेब शाळेच्या वाटेवर शिकता येत नाही.

बर्मिंगहॅमची २०२२ ची शर्यत रसिकाने मुद्दाम पाहावी. राष्ट्रकुल स्पर्धेत १९९८ पासून या प्रकारातली तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच गेली होती. तेथे साबळे अखेरपर्यंत झुंजले व ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरे आले; पहिल्या किबिवोटमध्ये व त्यांच्यात अंतर होते सेकंदाच्या पाच शतांशांचे.

परंतु पॅरिसचे काय? जुलै २०२४ मध्ये त्याच शहरात ८ मिनिटे ९.९१ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम करणारे साबळे पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अकरावे आले. आरंभीच आघाडी घेण्याची घाई त्यांना नडली, असे आमचे मत आहे. हांगझाऊ येथे २०२३ साली हीच रीत सुवर्णपदक देऊन गेली. कारण तेथे पाठीवर तोलामोलाचा कोणी नव्हता. बरोबरीच्यांच्या गर्दीत दबून राहून नेमक्या क्षणी उसळण्याची कला त्यांना बर्मिंगहॅमला साधली, पॅरिसला साधली नाही. वीटभट्टीची कहाणी सांगणाऱ्यांस हा प्रश्न पडतच नाही. ते अकराव्या क्रमांकासही गहिवरून दाद देतात. आणि ती दाद एका अव्वल दर्जाच्या धावपटूस कमी लेखणारी आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.