वगळलेला धडा कसा वाचायचा?

नाशिकमधल्या एकाच सोसायटीत राहणारी दोन मुले डोळ्यांसमोर आणा. दोघेही दहावीत. मुलगा राज्य मंडळाच्या मराठी शाळेत जातो, मुलगी केंद्रीय मंडळाच्या शाळेत. मुलाच्या हातात बालभारतीचे २०१८ साली आलेले ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ असेल, तर त्यातला पहिलाच पाठ आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. मुलीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातही पूर्वी याच नावाचा धडा होता. २०२३ साली शाळांत पोचलेल्या आवृत्तीत मात्र त्यातली उत्क्रांती गेली आणि फक्त ‘आनुवंशिकता’ उरली. आवर्ती सारणीचा धडाही दहावीतून गेला.

दोघांनी पुस्तके समोरासमोर ठेवली तरच हा फरक त्यांना दिसेल. मुलगी एकटीच तिचे पुस्तक वाचत बसली तर तिला काहीच जाणवणार नाही. पृष्ठक्रमांक सलग आहेत, धड्यांचे क्रमांक सलग आहेत. जे नाही ते कुठे होते याची खूण पुस्तकात नाही.

पाठ्यपुस्तकातल्या राजकीय पक्षपाताची चर्चा आपल्याकडे बहुधा ‘काय छापले’ यावर होते. एखादे वाक्य, एखादे चित्र, एखादे विशेषण यांवर सभागृहात गदारोळ होतो, मोर्चे निघतात. ‘काय काढले’ याची चर्चा त्या मानाने फार थोडी होते. या लेखात मुख्यतः त्याच बाजूचा विचार करायचा आहे.

ओझे आणि छाटणी

आधी दुसरी बाजू नीट समजून घेऊ. कोरोनाच्या काळात शाळा बंद होत्या, मुले मागे पडली, तेव्हा अभ्यासक्रमाचे ओझे कमी करायला हवे, असे एनसीईआरटीचे म्हणणे होते. वगळलेल्या भागांची यादीही संस्थेने २०२२ साली जाहीर केली. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहेच, आवर्ती सारणी अकरावीत आहे, मग दहावीत पुन्हा कशाला, असा तो युक्तिवाद होता. ओझे किती आहे हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको. कोणत्याही पुस्तकात सगळेच मावत नाही, निवड करावीच लागते आणि काहीतरी सुटतेच.

पण दहावीनंतर किती मुले जीवशास्त्र घेतात? जी घेत नाहीत, त्यांच्यासाठी ‘बारावीत आहे’ याचा अर्थ ‘कुठेच नाही’ असा होतो. दहावीचे पुस्तक हे सर्वांसाठीचे शेवटचे विज्ञानाचे पुस्तक असते. पुढे दुकान चालवणारी, शेती करणारी, कारखान्यात जाणारी मुलेही ते वाचतात.

नाशिकच्या मुलाला उत्क्रांती समजावायला दूरच्या बेटांवर जावे लागत नाही. द्राक्षबागेवर भुरी येते. शेतकरी बुरशीनाशक फवारतो. पहिली काही वर्षे औषध चांगले लागू पडते, मग तेच औषध निरुपयोगी ठरू लागते. शेतकरी म्हणतो, औषधात आता पूर्वीचा दम राहिला नाही. औषध बहुधा तेच असते, बदललेली असते ती बुरशी. कोट्यवधी बीजाणूंपैकी काहींत जनुकीय फरकामुळे त्या औषधाला तोंड देण्याची क्षमता असते. बाकीचे मरतात, हे तगतात आणि पुढची पिढी यांचीच वाढते. म्हणून तर एकाच गटातले औषध लागोपाठ फवारू नका, असा सल्ला दिला जातो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंची गोष्टही हीच आहे. हे तत्त्व ज्याला शाळेत भेटले नाही, त्याला हा सल्ला निव्वळ पाठ करावा लागतो. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी एका पत्रावर सह्या करून उत्क्रांती परत आणण्याची मागणी केली, ती या दृष्टीने योग्यच होती.

एकाच दिशेची छाटणी?

हा राजकीय पक्षपात म्हणायचा का? वगळणाऱ्याच्या मनात काय होते ते पुस्तकावरून कळत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने हेतूवर बोट ठेवण्याआधी निरीक्षणे मांडावीत. त्याच छाटणीत बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारावरचे प्रकरण गेले. राज्यशास्त्रातून गुजरातमधल्या २००२ च्या दंगलींचा भाग गेला. गांधीजींच्या हत्येसंबंधीची काही वाक्येही गेली. ही वाक्ये जाहीर केलेल्या यादीत नव्हती. वर्तमानपत्रांनी ते दाखवून दिल्यावर ‘नजरचूक असू शकेल’ असे उत्तर मिळाले.

प्रत्येक छाटणीला सुटे कारण देता येईल. पण सामाजिक शास्त्रांतल्या या साऱ्या छाटण्या सत्तेवर असलेल्यांना सोयीच्या दिशेनेच झुकलेल्या दिसतात, तेव्हा केवळ योगायोग म्हणून त्या सोडून देता येत नाहीत. त्याच वेळी हेही मान्य करायला हवे की आवर्ती सारणी कोणाच्याच राजकारणाच्या आड येत नाही. सगळ्याच गोष्टी एका माळेत ओवल्या तर आपली टीका कच्ची ठरेल.

ही खोड एकाच पक्षाची आहे असे समजण्याचेही कारण नाही. २०१२ साली केंद्रात काँग्रेसचे सरकार होते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे एक व्यंगचित्र होते. गोगलगायीच्या गतीने चाललेली घटना, तिच्यावर बसलेले डॉ. आंबेडकर, मागे नेहरू आणि हातांत चाबूक. शेजारचा मजकूर घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, हे समजावून देणारा होता. संसदेत सर्व बाजूंनी गदारोळ झाला, सरकारने माफी मागितली आणि चित्र काढण्याचे आश्वासन दिले. पुस्तकाचे मुख्य सल्लागार, पुण्याचे प्रा. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या समितीने आणखीही काही चित्रे वगळण्याची शिफारस केली. समितीतले एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र वेगळे मत नोंदवले.

ज्यांना ते चित्र खुपले त्यांचे दुःख खोटे नव्हते. बाबासाहेबांच्या पाठीशी उगारलेला चाबूक १९४९ च्या वर्तमानपत्रात पाहणे वेगळे आणि आज वर्गात बसलेल्या दलित मुलाने पाहणे वेगळे. हा प्रश्न वर्गातच विचारता आला असता. या चित्राने कोणाला हसू येते, कोणाला राग येतो, आणि का? राज्यशास्त्राचा याहून चांगला तास दुसरा कोणता? चित्र काढून टाकल्यावर तो तासही गेला.

पुढे जून २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी एनसीईआरटीला पत्र लिहून छाटलेल्या पुस्तकांवरून आपली नावे काढण्याची मागणी केली. सरकारे दोन, पक्ष दोन. शिक्षा झालेली पुस्तके मात्र तीच, कारण ती मुलांना प्रश्न विचारायला शिकवत होती.

आपल्या घरचे पाहू

आपले राज्यही याला अपवाद नाही. २०१७ साली बालभारतीची सातवी आणि नववीची नवी इतिहासाची पुस्तके आली तेव्हा मुघल काळ फारच आटोपता घेतल्याची टीका झाली. महाराष्ट्राच्या मुलाने महाराष्ट्र केंद्रस्थानी ठेवून इतिहास शिकावा, अशी त्यामागची भूमिका सांगितली गेली. ही भूमिका अगदीच गैर नाही. पण मुघल सत्ता किती मोठी, किती बळकट होती हे मुलाला कळले नाही, तर तिच्याशी टक्कर देणाऱ्या शिवाजी महाराजांचे मोठेपण तरी त्याला कसे कळणार? प्रतिस्पर्ध्याला लहान केले की नायकही लहान होतो. २०१८ साली शाळांच्या पूरक वाचनासाठी सरकारने कोणत्या नेत्याच्या चरित्राच्या किती प्रती घेतल्या, यावरूनही वाद झाला होता. तेव्हा पक्षपात पानांतच असतो असे नाही, कपाटातल्या प्रतींच्या संख्येतही असू शकतो.

चार कसोट्या

मग शिक्षकाने करायचे काय? पुस्तक बदलणे आपल्या हातात नसते, परीक्षाही त्याच पुस्तकावर होते. पण धडा तपासायला शिकवणे हातात असते. त्यासाठी चार सोप्या कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी मोजणीची. कोणत्या विषयाला किती पाने, किती चित्रे, किती ओळी? मुलांना मोजून तक्ता करू द्या. आकडे हाती आले की भांडण कमी होते आणि विचार सुरू होतो.

दुसरी कसोटी शब्दाची. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या एका घटनेसाठी मराठीत तीन शब्द आहेत : खून, हत्या आणि वध. घटना तीच, पण शब्द बदलला की न्यायनिवाडाही बदलतो. गांधीजींच्या बाबतीत ‘हत्या’ म्हणायचे की ‘वध’, यावरून माणूस कोणत्या बाजूला उभा आहे ते आजही कळते. मुलांना हे तीन शब्द आलटून पालटून घालून वाक्य वाचायला सांगा.

तिसरी कसोटी कर्त्याची. ‘अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नव्हता’ आणि ‘सवर्णांनी अस्पृश्यांना मंदिरात प्रवेश नाकारला’ या दोन्ही वाक्यांत माहिती तीच आहे असे वाटते. पहिल्यात नाकारणारा माणूस गायब आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावर दहा ओळी लिहायला सांगा आणि किती वाक्यांत कर्ता सापडतो ते पाहा.

चौथी कसोटी तुलनेची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. वगळलेली गोष्ट एका पुस्तकात दिसत नाही, तिला दुसरे पुस्तक लागते. म्हणून जुनी पाठ्यपुस्तके रद्दीत घालू नका. शाळेच्या ग्रंथालयात एका विषयाच्या दोन-तीन आवृत्त्या आणि दुसऱ्या मंडळाचे एक पुस्तक असले, तरी ही प्रयोगशाळा तयार झाली.

पांडवलेणीचा पाठ

या चौथ्या कसोटीसाठी नाशिकसारखी जागा नाही. पांडवलेण्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा वंश निर्मूल केला, सातवाहनांचे यश पुन्हा उभे केले, असे ही आई अभिमानाने सांगते. तिथून काही पावलांवर दहाव्या लेण्यात त्याच क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत गायींची दाने आहेत, गावांची दाने आहेत, आणि भिक्षूंसाठी विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवलेली रक्कमही आहे. पहिला लेख वाचला तर क्षहरात हे उखडून टाकायचे शत्रू, दुसरा वाचला तर ते दानशूर आणि धर्मशील. दोन्ही लेख राजकीय आहेत, दोघांनाही स्वतःची बाजू मांडायची आहे. पण दोन्ही जागेवर राहिल्यामुळे आपण तिसरा, अधिक खरा विचार करू शकतो.

१९०६ साली जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. जुन्या सत्तेवर नव्या सत्तेची मोहोर उमटवणे हे तेव्हाही चालत होते. पण ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि त्याची अक्षरे अनेक नाण्यांवर अजून ओळखू येतात. म्हणूनच कोण कोणानंतर आला हे आज ठामपणे सांगता येते.

छापील पुस्तकात जुने काही शिल्लक राहत नाही. म्हणून एक मागणी शिक्षक संघटनांनी आणि विषय समित्यांनी लावून धरायला हवी : पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मागच्या आवृत्तीतले काय वगळले आणि का वगळले, ते छापावे. संकेतस्थळावरची यादी पुरेशी नाही, ती मुलाच्या दप्तरात असायला हवी. सरकार कोणाचेही असो, नियम तोच. ओझे खरोखरच कमी करायचे असेल, तर हे एक पान कोणाला जड होऊ नये.

तोपर्यंत आपल्या वर्गातल्या मुलांना सुट्टीत एक काम द्या. मोठ्या बहिणीचे, शेजारच्या दादाचे किंवा दुसऱ्या मंडळाचे जुने पुस्तक मिळवायचे आणि आपल्या पुस्तकाशी ताडून पाहायचे. जे सापडेल ते वहीत दोन रकान्यांत लिहायचे. ‘का गेले असेल?’ हा तिसरा रकाना मात्र कोराच ठेवायला सांगा. तो वर्गात, सगळ्यांनी मिळून, वाद घालत भरायचा आहे.