आधी जात, मग धर्म

आमच्या कोंडाण्याच्या चैत्यगृहाबाहेर, भग्न शिल्पाच्या डोक्याशी, ब्राह्मी लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. आधी गुरूचे नाव, मग स्वतःचे.

लक्ष्मीबाई टिळकांनाही आपण पतीमागून गेलेली बाई ठरवतो. मला ते पटत नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या वर्षांचे ‘स्मृतिचित्रे’तले कथन नीट वाचावे. कडक सोवळे पाळणाऱ्या या बाईने आधी स्वतः विचार करून जातिभेद टाकला. ख्रिस्त नंतर स्वीकारला. हा क्रम अनुयायिनीचा नव्हे.

लेखनही टिळकांच्या चरित्राला आठवणी हव्यात म्हणून सुरू झाले. उभे राहिले मात्र लक्ष्मीबाईंचे स्वतःचे लेणे.