‘बाधित’ हा शब्द आणि कीर्तनसंस्था

एच.आय.व्ही.विषयक मराठी लेखनात ‘बाधित’ हे विशेषण रूढ झाले आहे. त्याचा अभिप्रेत अर्थ ‘संसर्ग झालेला’ एवढाच. परंतु लोकव्यवहारात ‘बाधा’ म्हणताच भूतबाधा आठवते, आणि तिच्यावर उपाय अंगाऱ्या-उताऱ्याचा. खानदेशातील अहिराणी वा लेवा बोलीच्या श्रोत्यास पत्रकातील ‘बाधित’ असाच ऐकू येण्याचा संभव आहे. ही केवळ शब्दचर्चा नव्हे. एप्रिल २००४ पासून शासन विनामूल्य देत असलेली औषधे नित्य घ्यावी लागतात. उताऱ्याच्या भरवशावर ती सोडल्यास विषाणू पुन्हा बळावतो.

येथे कीर्तनकाराचे साहाय्य मोलाचे ठरावे. मुक्ताईनगरहून आषाढी वारीस मुक्ताबाईंची पालखी निघते. तिच्या वाटेवरील श्रोता पत्रक वाचीलच असे नाही, कीर्तन मात्र ऐकतो. तथापि ‘पाप’ व ‘भोग’ हे शब्द या प्रसंगी वर्ज्य मानले पाहिजेत. पतीकडून पत्नीस, मातेकडून अर्भकास संसर्ग होतो, तेथे पाप कोणाचे? २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली. श्रोत्याच्या मनातील शब्दार्थ मात्र कायद्याने पालटत नाही. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून अंधश्रद्धेवर प्रहार केला. त्याच रीतीने ‘ही बाधा नव्हे, संसर्ग आहे’ एवढे कीर्तनातून सांगितले जावे, असे आम्हांस वाटते.