‘गेला असावा’ आणि ‘गेला असला पाहिजे’

कॅप्टन जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून साताऱ्यास कंपनीचा अधिकारी होता. त्यानें लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ सालीं झाला, असें त्यांत सरळ विधान आहे. ‘झाला असावा’ असें नाहीं. पुढें किती एक वर्षें तेंच साल प्रमाण म्हणून चाललें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली छापली, तींत शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि निघाली. आणि १९२७ सालीं छापलेल्या परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा दिला. डफवर आमचा राग नाहीं. त्याच्या हातीं हीं साधनें नसावीं. परंतु साधन अपुरें असतां वाक्याच्या शेवटीं जो ‘असावा’ यावयास हवा तो आला नाहीं, हा दोष आमच्या मतें सालाच्या चुकीहून मोठा आहे.

या शब्दांतील तरतमभाव आपण फारसा पाहत नाहीं. समजा, साताऱ्याहून श्रावणांत निघालेलें एखादें पत्र मिरजेस फार उशिरां पोंचलें, असें त्यावरील पैवस्तीच्या तारखेवरून दिसतें. कारण कोठेंच लिहिलेलें नाहीं. ‘कासीद कृष्णेच्या पुरानें अडला असेल’ हा नुसता संभव झाला. ‘अडला असावा’ यांत थोडें अधिक बळ आहे. ‘अडला असला पाहिजे’ असें लिहिणारानें मात्र दुसरें कारण संभवत नाहीं, हें दाखविलें पाहिजे. इंग्रजींतील ‘मे हॅव’ व ‘मस्ट हॅव’ यांत हाच फरक आहे.

आमचे भाषांतरकार येथेंच ठेंचाळतात. ‘मस्ट’ दिसला कीं त्यांस कर्तव्य आठवतें, आणि ‘कासीद अडायलाच हवा होता’ असें वाक्य उतरतें. जणूं कोणास त्याचें अडणें हवेंच होतें! निश्चित नकारासाठीं इंग्रज बहुधा ‘कान्ट हॅव’ म्हणतो. त्याचें मराठी ‘अडला असणें शक्य नाहीं’ असें सरळ होतें. ‘अडला नसावा’ हें त्याहून सौम्य. ‘माइट हॅव’ची गोष्ट याहून मौजेची आहे. कासीद ‘माइट हॅव’ बुडाला, एवढ्यावरून तो वांचला कीं नाहीं हें इंग्रज वाचकास संदर्भावरूनच ठरवावें लागतें. मराठींत ‘बुडाला असता’ म्हटलें कीं तो वांचला, आणि ‘बुडाला असेल’ म्हटलें कीं खबर नाहीं. इतकी सोय घरांत असतां भाषांतरकार ‘बुडूं शकला असेल’ असें लिहून त्या बिचाऱ्याला मधल्या धारेंत सोडून देतात.

याच कारणास्तव मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांच्या पद्धतीचें आम्हांस अगत्य वाटतें. हायस्कुलांत संस्कृत शिकवीत असतां त्यांनीं पटवर्धनी दप्तरांतील पत्रें ऐतिहासिक लेखसंग्रहांत छापावयास घेतलीं. पत्रांस जोडून त्यांचें स्वतःचें निवेदन आहे, व खालीं मूळ पत्रें आहेत. निवेदनांतील तर्क पटला नाहीं तर वाचकानें पत्र काढून पाहावें. वाईस सांपडलेलीं पत्रें राजवाड्यांनीं १८९८ सालीं छापलीं, तेव्हां त्यांची प्रस्तावना याहून कितीतरी धीट होती. तींतील कित्येक अनुमानें आम्हांस मान्य नाहींत. तरी तेथेंही भांडावयास पत्रें शेजारींच आहेत. भय वाटतें तें मागाहून येणाऱ्या लेखकांचें. एकानें लिहावें ‘अडला असावा’, दुसऱ्यानें त्याच्या आधारें लिहावें ‘अडला’, आणि तिसऱ्यानें पत्र न उघडतां पुराचें वर्णन करावें.