अंकांवरून ओळखलेल्या मूळ संख्या

भोरचा पिनकोड ४१२२०६, वेल्ह्याचा ४१२२१२. दोन्ही सम, म्हणजे मूळ संख्या नव्हेतच. पण त्यांचे अंक हवे तसे फिरवा, तरी मूळ संख्या मिळायची नाही. दोन्हींत अंकांची बेरीज ३ ने भागली जाते. इथवर अंक खरंच काही सांगतात. पुढे हौस सुरू होते. सगळे अंकही मूळच असलेल्या २३, ३७, ५३. उलटसुलट सारख्या १०१, १३१. अंकांची कशीही अदलाबदल सोसणाऱ्या ११३, १३१, ३११.

हार्डींनी १९४० साली आपल्या 'अपॉलॉजी'त अंकांच्या असल्या गमतींची वासलातच लावली: कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही. युक्तिवाद सबळ आहे. दशमान आपण दहा बोटांमुळे धरलं. संख्येचा मूळपणा तिच्या लिखाणात नसतो.

मग आपल्या देवळालीच्या शाळामास्तरांचं, द. रा. कापरेकरांचं काय करायचं? १६ मध्ये तिचेच अंक मिळवा, १६+१+६, झाले २३. म्हणजे २३ ला जनक आहे. ३१ ला नाही, ५३ लाही नाही, त्या स्वयंभू. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा हे काम जगभर पोचलं.

आम्हाला हार्डींचा निकाल घाईचा वाटतो. ३१ द्विमानात लिहा: १११११. द्विमानात नुसत्या एकांनी लिहिलेल्या मूळ संख्या म्हणजेच मर्सेनच्या संख्या, आणि त्यांचं नातं थेट युक्लिडच्या परिपूर्ण संख्यांशी! दशमानातला एखादा अंक, समजा ७, वर्ज्य केला तरी मूळ संख्या अनंत उरतात, हे जेम्स मेनार्ड यांनी सिद्ध केलं. तो निबंध २०१९ चा, आणि भलता अवघड. याला कोडं कोण म्हणेल?

पण कापरेकरांच्या भक्तांनीही (६१७४ चा 'चमत्कार' रोज फॉरवर्ड करणारे) एक कसोटी लावावी: पाया बदलला की काय टिकतं? नऊच्या पायात लिहून बघा. तिथे संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोन्ही सम तरी किंवा दोन्ही विषम तरी. मिळवणी नेहमी समच. म्हणजे कुठल्याच विषम संख्येला जनक नाही. सगळ्या विषम मूळ संख्या एकजात स्वयंभू, आपली २३ सुद्धा.