कुंपण, राखणदार आणि करार

समाजमाध्यमांवर दुर्बलांना सुरक्षित आसरा कोणी व कसा द्यावा, या प्रश्नाला ‘मॅस्टोडॉन’ने दिलेले उत्तर आमच्या वाचकांनी बारकाईने तपासावे असे आहे. जर्मनीतील युजेन रोचको यांनी २०१६ साली सुरू केलेल्या या माध्यमाला एकच एक मालक नाही. त्याचे हजारो सर्व्हर स्वतंत्रपणे चालतात. प्रत्येकाचे नियम निराळे असले तरी एका सर्व्हरवरील सभासद दुसऱ्यावरील सभासदाशी बोलू शकतो. त्रास देणाऱ्यास हाकलण्याचा, किंबहुना एखाद्या अख्ख्या सर्व्हरशी संबंध तोडण्याचा अधिकार ज्याच्या त्याच्या हाती असतो.

ही रचना पाहून पोप अकरावे पायस यांच्या १९३१ सालच्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या विश्वपत्राचे स्मरण होते. लहान समूहाला जे साधते ते मोठ्या संस्थेने आपल्याकडे ओढून घेऊ नये, असे त्यात प्रतिपादन केले आहे. या विकेंद्रीकरणाचे बळ जुलै २०१९ मध्ये दिसून आले. द्वेषमूलक लिखाणाबद्दल कुप्रसिद्ध असलेले ‘गॅब’ मॅस्टोडॉनचीच मुक्त प्रणाली वापरून या जाळ्यात शिरले. प्रणाली सर्वांसाठी खुली असल्याने रोचको त्यास रोखू शकत नव्हते; परंतु अनेक सर्व्हरांनी आपापली दारे लावून घेतली आणि गॅब एकाकी पडले.

त्याआधी दोन महिने, मे २०१९ मध्ये, मॅस्टोडॉनने ‘सर्व्हर करार’ जाहीर केला होता. आपल्या अधिकृत यादीत स्थान हवे असलेल्या सर्व्हरांनी वंशद्वेष, स्त्रीद्वेष आणि लैंगिक अल्पसंख्याकांचा द्वेष यांना सक्रिय आळा घालावा, रोज माहितीची प्रत राखावी, आणीबाणीसाठी आणखी एकाच्या हाती किल्ल्या द्याव्यात आणि सर्व्हर बंद करायचा झाल्यास तीन महिने आधी सूचना द्यावी, अशी त्यातील चार कलमे. हेतू स्तुत्य आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

तथापि या मजकुरात आम्हास दोन उणिवा दिसतात. पहिली, त्यात जातीचा उल्लेख नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात, सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्यानंतर, अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. आपल्या देशातील सर्वांत जुना अपमान ज्या यादीत नाही, तिच्या भरवशावर त्यांनी निर्धास्त राहावे कसे?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ‘करार’ हा शब्द ख्रिस्ती माणसाच्या ओळखीचा आहे. बायबलमधील करारात देव आणि त्याची प्रजा परस्परांना बांधले जातात. येथे मात्र करार होतो तो प्रकल्प आणि सर्व्हरचालक यांच्यात; ज्याच्या संरक्षणासाठी तो लिहिला तो सामान्य सभासद त्यात पक्षकारच नाही. अन्यायाने हाकलला गेलेल्याने दाद कोणाकडे मागावी, याविषयी चारही कलमे मौन पाळतात. कुंपणानेच शेत खाल्ले तर काय, याचे उत्तर नाही.

यात राखणदारावरही अन्याय आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकन अभिनेते विल व्हीटन एका सर्व्हरवर येताच त्यांच्याविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडला. तो भार न पेलवल्याने चालकाने त्यांनाच निरोप दिला. छळणाऱ्यांची सरशी झाली ती चालकाच्या दुष्टाव्यामुळे नव्हे, त्याच्या एकटेपणामुळे. लहानांचा अधिकार राखण्याइतकेच लहानांना साहाय्य देणेही अकराव्या पायस यांच्या तत्त्वात अभिप्रेत आहे. त्या तत्त्वाचे मूळ लॅटिन नावच साहाय्यवाचक शब्दावरून आले आहे.

व्हॅटिकनच्या संपर्क विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांविषयी प्रसिद्ध केलेले चिंतन चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यावर उभे आहे. त्या दाखल्यातील एका तपशिलाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नुसता सोडून गेला नाही. त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन असे सांगितले. आजचे बहुतेक सर्व्हर स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर आणि सभासदांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतात. आमच्या घरातील मुलेमुली उद्या अशा एखाद्या ठिकाणी आसरा घेतील, तेव्हा पालकांनी तिचे नियम वाचावेत, निर्णय एकाहून अधिक माणसे घेतात काय आणि दाद मागण्याची सोय आहे काय ते पाहावे, आणि खर्चाचा आपला वाटा उचलावा. फुकटची उतारशाळा फार दिवस उघडी राहत नाही.